कानमचा कापूस, कडीची अफू आणि चीनची पाच बंदरे
लेखमाला : बडोदे आणि सागरी व्यापार – लेखांक सहावा

२९ ऑगस्ट १८४२ रोजी झालेल्या नानकिंगच्या तहाने कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही चीनची पाच बंदरे ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुली झाली आणि हाँगकाँग बेट इंग्लंडच्या ताब्यात गेले. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना चाळीस कोटींच्या आसपासचे गिऱ्हाईक एका सहीनिशी हाती आल्यासारखे वाटले. तह घडवून आणणारा हेन्री पॉटिंजर तर लँकेशरच्या साऱ्या गिरण्या चीनच्या एका प्रांतापुरते मोजेही पुरवू शकणार नाहीत, अशी ग्वाही देत होता. पुढच्या काळात या बंदरांत जे खपले त्यात मोठा वाटा मात्र हिंदुस्थानच्या शेतमालाचा होता, आणि त्यातला काही माल बडोदे संस्थानाच्या शेतांतून, सावकारीतून आणि खजिन्यातून गेलेला होता.

या व्यापाराचे मूळ चहात आहे. १७५७ पासून चीनने परदेशी व्यापार कँटन या एकाच बंदरापुरता बांधून टाकला होता आणि तोही ठरावीक चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळीमार्फत. ईस्ट इंडिया कंपनी तेथून चहा उचले. पण बदल्यात देण्याजोगा माल इंग्लंडकडे जवळजवळ नव्हता. लोकरीचे जाड कापड दक्षिण चीनच्या उष्ण हवेत कोण घेणार? मग रोख चांदी मोजावी लागे. १७८४ मध्ये इंग्लंडने चहावरचा कर शेकडा ११९ वरून साडेबारावर आणला आणि चहाची मागणी एकदम फुगली. एवढी चांदी आणायची कोठून, या प्रश्नाला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दिलेले उत्तर म्हणजे गुजरातचा कापूस.

नर्मदेच्या उत्तरेकडची काळ्या जमिनीची पट्टी, जिला गुजरातीत कानम म्हणतात, ती भडोचपासून बडोदे संस्थानातल्या डभोई-सिनोरच्या बाजूला पसरलेली आहे. येथला कापूस मुंबईच्या बाजारात ‘भडोच’ या नावानेच ओळखला जाई. वेचणी हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होई. सरकी काढलेली रुई बैलगाड्यांनी नदीकाठच्या धक्क्यावर आणि तेथून पडावांतून मुंबईला येई. मुंबईत ती दाबून गाठी बांधत, कारण गलबताच्या पोटात जागा थोडी आणि भाडे जागेवर. नैर्ऋत्य मोसमी वारा धरून जहाजे मुंबई सोडत आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परतत. वर्षातून एकच फेरा. व्यवहार खंडीत चाले. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची. कँटनला रुई विकून आलेली चांदी खासगी व्यापारी कंपनीच्या तिजोरीत भरत आणि तिच्या हुंड्या घेत. कंपनी त्याच चांदीत चहा खरेदी करी. इंग्लंडहून नाणे पाठवण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

या कापसाचा राजकारणाशी किती संबंध होता, याकडे मराठी इतिहासलेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही. १८०० मध्ये सुरत, १८०३ मध्ये शिंद्यांकडून भडोच, आणि १८०२ ते १८०५ च्या दरम्यान आनंदराव गायकवाडांशी तह करून बडोद्यात रेसिडेंट व तैनाती फौज, हा क्रम नुसता मराठा सत्तेच्या दुबळेपणाचा नाही. मुंबई सरकार त्या वेळी कर्जात होते आणि त्याचे सावकार कोण, तर चीनशी कापसाचा व्यापार करणाऱ्या मुंबईतल्या पेढ्या. इतिहासकार पामेला नाइटिंगेल यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हाच धागा पुढे आणला. मतभेद ठेवून म्हणायचे तरी कापूस पिकवणारा मुलूख आणि कंपनीच्या ताब्यात आलेला मुलूख यांचा नकाशा बराच जुळतो, हे नाकारता येत नाही.

कापसाला एक खोट होती. चीनमध्येही कापूस पिकत होता. तेथले पीक बरे आले की मुंबईच्या रुईचा भाव कोसळे. अफूचे तसे नव्हते. १८२३ च्या सुमारास चीनला जाणाऱ्या हिंदुस्थानी मालात अफूने कापसाला मागे टाकले. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यात होती आणि कलकत्त्याच्या लिलावात विकली जाई. माळव्याची अफू मात्र शिंदे, होळकर आणि इतर संस्थानांच्या मुलखातली, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरची. संध्याकाळी खसखशीच्या बोंडाला चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरू द्यायचा आणि सकाळी तो खरवडून घ्यायचा. माळव्यात हा चीक सुकू नये म्हणून अळशीच्या तेलात ठेवत, पुढे मळून त्याच्या वड्या करत. बंगालच्या मोठ्या गोळ्यांपेक्षा या वड्या लहान, आणि त्यांत पाण्याचा अंशही कमी. साधारण १४० पौंडांची एक पेटी भरे.

कंपनीने मुंबईची वाट अडवली तेव्हा माळव्याच्या पेट्या मारवाडातील पालीवरून, जेसलमेरच्या वाळवंटातून कराचीला आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागल्या. ही आडवाट बंद होत नाही असे दिसल्यावर १८३० च्या दशकात कंपनीने शहाणपणा दाखवला: दर पेटीमागे शुल्क घ्यायचे आणि मुंबईची वाट मोकळी करायची. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांनी घेतल्यावर आडवाटच उरली नाही, आणि १२५ रुपयांचे शुल्क चार वर्षांत ४०० रुपयांवर गेले. मक्ता नसलेल्या मालावरचा हा कर पुढे हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाला.

मुंबईच्या बाजूने या व्यापाराचे सर्वांत मोठे नाव सर जमशेटजी जीजीभाई यांचे. त्यांचे बालपण गायकवाडी नवसारीत गेले. तरुणपणी त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर विल्यम जार्डिन त्यांचा सहप्रवासी होता. त्या ओळखीतून जार्डिन-मॅथिसन पेढीशी जमलेले नाते मुंबई आणि कँटन यांना पुढे अनेक वर्षे जोडून होते. १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेशू याने वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा मालही होता. तहात चीनवर लादलेल्या दोन कोटी दहा लाख डॉलरांच्या दंडापैकी साठ लाख डॉलर याच अफूची भरपाई म्हणून होते.

पाच बंदरांचे नशीब एकसारखे निघाले नाही. निंगपोला जुनी परंपरा आणि श्रीमंत व्यापारी होते. पण शांघाय जेमतेम शंभर मैलांवर असल्याने परदेशी व्यापार तिकडे ओढला गेला. अमॉयमधून मालापेक्षा मजूरच अधिक बाहेर गेले. फूचौ वुयी डोंगराच्या चहाला जवळचे असूनही दहा वर्षे रिकामेच राहिले. १८५३ मध्ये ताइपिंग बंडामुळे कँटनचे रस्ते तुटले तेव्हा कोठे चहा तेथून निघू लागला. कँटनमध्ये लोकांचा रोष इतका की परदेशी माणसाला तटाच्या आत पाऊल टाकणे कठीण. शांघायचे बंदर नोव्हेंबर १८४३ मध्ये जॉर्ज बाल्फोर या ब्रिटिश वकिलाने (कॉन्सलने) उघडले. तो मद्रासच्या तोफखान्यातला अधिकारी. यांगत्सेच्या मुखाजवळची जागा, मागे रेशमाचा आणि चहाचा सुपीक मुलूख, आणि खोल आत जाणारी नदी. एवढे पुरेसे होते. पंधरा वर्षांच्या आत शांघायने कँटनला मागे टाकले.

लँकेशरच्या कापडाचे काय झाले? तह झाल्यावर मँचेस्टरने गाठींमागून गाठी पाठवल्या. शेफील्डच्या कोणी सुऱ्या-काटे पाठवले, कोणी पियानो पाठवल्याचीही कथा आहे. माल गोदामात पडून राहिला. हाँगकाँगचा एक अधिकारी मिचेल याने १८५२ च्या अहवालात स्पष्ट लिहिले की १८५० अखेरची चीनकडची ब्रिटिश निर्यात १८४४ पेक्षा सुमारे पाऊण दशलक्ष पौंडांनी कमी आहे. कारणही त्याने नेमके पकडले. चिनी शेतकरी कुटुंब रिकाम्या दिवसांत घरच्याच कापसाचे सूत कातून जाड, टिकाऊ कापड विणते. त्या कापडाला मजुरीचा खर्च असा नाहीच. मग गिरणीचे पातळ कापड त्याने कितीही स्वस्त झाले तरी का घ्यावे? गिऱ्हाइकांची डोकी मोजणाऱ्यांनी त्यांच्या घरातला चरखा पाहिला नव्हता. अहवाल वरिष्ठांना रुचला नाही आणि कित्येक वर्षे कागदपत्रांत पडून राहिला.

अफूचा नानकिंगच्या तहात उल्लेख नव्हता. खुल्या बंदरांत ती उघडपणे उतरवत नसत. शांघायबाहेर वूसुंगला नांगरलेल्या कोठार-जहाजांवर सौदे होत आणि ब्रिटिश वकील तिकडे पाहत नसत. १८५८ च्या तहानंतर तिच्यावर पिकुल या चिनी वजनामागे तीस टेल चांदी जकात बसली आणि ती कायदेशीर झाली. १८७० च्या आसपास जार्डिन-मॅथिसनने हा धंदा सोडला. ससून घराण्याच्या पेढ्यांनी तो जवळजवळ पूर्णपणे हातात घेतला.

बडोदे संस्थान या साखळीत थेट अडकलेले होते. उत्तरेकडच्या कडी प्रांतात खसखशीची लागवड होत असे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर दिवाण सर टी. माधवरावांच्या कारभारात, १८७८ मध्ये, ब्रिटिशांशी झालेल्या व्यवस्थेनुसार अफू संस्थानच्या मक्त्यात आली. शेतकऱ्याने ठरावीक दराने चीक सरकारला द्यायचा, माल संस्थानाने तयार करायचा आणि चीनकडे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर ब्रिटिशांचे शुल्क भरायचे. सुधारणांसाठी नावाजलेल्या राज्याच्या जमाखात्यात हे उत्पन्न होते, ही गोष्ट बडोद्याचा गौरव लिहिताना सहसा वगळली जाते. वगळण्याचे कारण नाही. त्या काळी हिंदुस्थान सरकारपासून संस्थानांपर्यंत सर्वांच्याच जमाखर्चात ते होते.

कापसाने मात्र दुसरे वळण घेतले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, गुजरातची रुई लिव्हरपूलने सोन्याच्या भावाने घेतली. याच सुमारास बी. बी. सी. आय. रेल्वे बडोद्याला पोहोचली, आणि खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला. हिंदुस्थानातला हा पहिला अरुंद लोहमार्ग. सुरुवातीचे रूळ इतके हलके की इंजिनाचे वजन पेलत नव्हते. रुईने भरलेले डबे काही वर्षे बैलांनीच ओढले. तरी चिखलात रुतणाऱ्या गाड्यांपेक्षा काम झपाट्याने होई, आणि कानमचा कापूस आता मुंबईच्या गिरण्यांच्या दारात काही दिवसांत पोहोचू लागला.

या गिरण्यांनी मिचेलच्या कोड्याचे उत्तर शोधले. चिनी घर कापड विकत घेत नव्हते, पण कातण्याचे कंटाळवाणे काम वाचवणारे सूत घ्यायला तयार होते. उभा धागा गिरणीच्या सुताचा आणि आडवा घरी कातलेल्याचा, असे मिश्र कापड तेथल्या मागांवर होऊ लागले. त्यासाठी वीस नंबरच्या आतले जाडेभरडे सूत हवे होते आणि आखूड धाग्याच्या हिंदुस्थानी कापसाचे तेच उत्तम निघे. १८७० च्या दशकापासून मुंबईच्या गिरण्या मोठ्या प्रमाणात चीनच्या मागणीवर चालू लागल्या. १८४२ मध्ये मँचेस्टरने जी बाजारपेठ आपली मानली होती, तिचा सुताचा हिस्सा अशा रीतीने मुंबईने घेतला.

जन्माने नवसारीचे जमशेटजी टाटा १८५९ मध्ये वडिलांच्या पेढीसाठी हाँगकाँगला गेले होते. कापूस आणि अफू या दोन्हींचा व्यवहार त्यांनी तेथे जवळून पाहिला. पी. अँड ओ. कंपनी चीन-जपानकडच्या सुतावर जबर भाडे घेते म्हणून १८९३ च्या सुमारास त्यांनी जपानच्या निप्पॉन यूसेन कैशा कंपनीबरोबर स्वतःची जहाजे चालवून पाहिली. पी. अँड ओ.ने भाडी इतकी पाडली की टाटांना जहाजे बंद करावी लागली; जपानी कंपनी टिकली. १८९३ मध्येच हिंदुस्थानच्या टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या, रुपया आणि चिनी चांदी यांची फारकत झाली, आणि चीनमध्ये हिंदुस्थानी सूत महाग पडू लागले. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने परदेशीयांना शांघायमध्ये कारखाने काढण्याचा हक्क मिळाला. दुसऱ्या वर्षी मुंबईत प्लेग आला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी चीनच्या बाजारात जपानी सूत हिंदुस्थानी सुताच्या पुढे गेले.

अफूचा शेवट करारानेच झाला. १९०७ च्या ब्रिटन-चीन करारानुसार हिंदुस्थानातून जाणाऱ्या अफूत दरवर्षी एकदशांश घट करायची ठरली. दहा वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच, १९१३ मध्ये, हिंदुस्थान सरकारने चीनसाठीची अफूविक्री थांबवली.