७४ दिव्यांची टक्कर

एनजीसी ६२४० या दीर्घिकेतली दोन कृष्णविवरं आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या या आठवड्यात घेऊ असं म्हटलं होतं. ती आता पुढच्या खेपेला. कराडच्या एका शिक्षिकेने पाठवलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की त्याला बगल देऊन पुढे जाववत नाही. त्या विचारतात : दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या तरी तारे एकमेकांवर आदळत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंत. मग आदळतं काय? आणि काहीच आदळत नसेल, तर नव्या ताऱ्यांचं एवढं पीक येतं कुठून?

तारे का आदळत नाहीत ते आधी पाहू. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, आणि त्याचा सर्वांत जवळचा शेजारी ४.२ प्रकाशवर्षांवर. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा धरला, तर एक दाणा पुण्यात आणि दुसरा मुंबईत. इतक्या विरळ विखुरलेल्या दाण्यांचे दोन समूह एकमेकांतून आरपार गेले, तरी दाण्याला दाणा लागेल कशाला? पण गुरुत्वाकर्षणाला स्पर्श लागत नाही. न आदळताही दीर्घिकेची पार उलथापालथ होऊ शकते.

ही उलथापालथ करून पाहणारा पहिला माणूस स्वीडनचा एरिक होल्मबर्ग. त्याचा प्रयोग मला इतका आवडतो की संधी मिळाली की मी तो सांगतोच. वर्ष १९४१. हाताशी संगणक नाही. होल्मबर्गने हेरलं ते असं की अंतर दुप्पट झालं की दिव्याचा प्रकाश एक चतुर्थांश होतो, आणि गुरुत्वाकर्षणही अगदी तसंच घटतं. तेव्हा ताऱ्यांच्या जागी दिवे मांडले आणि एखाद्या ठिकाणी पोचणारा प्रकाश मोजला, की तिथली ओढच मोजल्यासारखं झालं! त्याने सपाट पृष्ठभागावर दोन दीर्घिका मांडल्या, प्रत्येकीत ३७ दिवे. एक दिवा उचलायचा, त्या जागी प्रकाश मोजणारा फोटोसेल ठेवायचा, कोणत्या बाजूने किती उजेड येतो ते टिपायचं आणि त्यावरून त्या दिव्याची पुढची जागा काढायची. मग दुसरा दिवा. ७४ दिव्यांचं गणित झालं की सगळे दिवे थोडेथोडे सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या चिकाटीतून जे हाती आलं ते आजही टिकून आहे. जवळून जाताना दीर्घिका एकमेकींत भरती उठवतात, त्यांच्या कडा ताणल्या जाऊन भुजा निघतात, आणि या ताणाताणीत त्यांच्या प्रवासाची ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे नुसत्या शेजारून निघालेल्या दोन दीर्घिका एकमेकींच्या तावडीत सापडू शकतात.

पुढे १९७२ मध्ये अ‍ॅलर आणि यूरी टूमरे या एस्टोनियात जन्मलेल्या भावांनी हेच संगणकावर केलं आणि खऱ्या दीर्घिकांच्या लांबलचक शेपट्या हुबेहूब काढून दाखवल्या. त्यातली एक जोडी म्हणजे एनजीसी ४०३८ आणि ४०३९, कीटकाच्या मिशांसारख्या दोन शेपट्यांमुळे अँटेना नावाने ओळखली जाणारी. ती आपल्या हस्त नक्षत्राच्या पश्चिमेला, साडेसहा-सात कोटी प्रकाशवर्षांवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास हस्त दक्षिणेला चांगला वर आलेला असतो. अंधाऱ्या गावातून आठ इंची दुर्बीण लावली, तर एका बाजूला खाच असलेला धूसर डाग दिसतो. शेपट्या दिसत नाहीत. पण ती खाच दिसली तरी जागरण सत्कारणी लागलं असं समजा.

आता प्रश्नाचं उत्तर : आदळतो तो वायू. ताऱ्यांच्या मधल्या जागेत हायड्रोजनचे ढग असतात, एकेक ढग दहा-वीस ते शंभर-दोनशे प्रकाशवर्षं पसरलेला. त्यांना एकमेकांना चुकवून जाता येत नाही. ते आदळतात, दाबले जातात, तापतात. आणि ती उष्णता प्रारणातून बाहेर टाकून पुन्हा थंड होतात. ताऱ्याला आपली ऊर्जा अशी टाकून देता येत नाही. वायूला येते, म्हणूनच तो आक्रसत जाऊन त्याचे तारे होतात. अँटेनात हबल दुर्बिणीला १९९५ पर्यंत ७०० हून अधिक तेजस्वी तारकागुच्छ सापडले होते. त्याहून मोठा धक्का दिला युरोपच्या आयएसओ या अवरक्त दुर्बिणीने. दोन दीर्घिका जिथे एकमेकींवर चढल्या आहेत, तो पट्टा हबलच्या छायाचित्रात धुळीने काळवंडलेला दिसतो, आणि सर्वांत जोरकस तारकानिर्मिती नेमकी तिथेच, त्या धुळीआड चाललेली निघाली. २०११ मध्ये चिलीतल्या अल्मा वेधशाळेने आपलं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं, तेही याच जोडीचं.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. वायू एरवी केंद्रात कोसळत नाही, कारण तो केंद्राभोवती फिरत असतो. पडायचं तर आधी ते फिरणं मोडायला हवं. टक्करीत ताऱ्यांची तबकडी ओढली जाऊन लांबट होते. वायूची मांडणीही तशीच होते, पण ती ताऱ्यांच्या जरा पुढे सरकते. मागून ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्या वायूला सतत मागे खेचत राहतं. त्याचं फिरणं मंदावतं आणि तो आत घसरतो. जोशुआ बार्न्स आणि लार्स हर्नक्विस्ट यांनी १९९० च्या दशकात संगणकावर हे दाखवलं : हजारो प्रकाशवर्षं पसरलेला वायू केंद्राजवळच्या काहीशे प्रकाशवर्षांत येऊन साचतो.

तिथे जे होतं त्याचा नमुना म्हणजे आर्प २२० ही सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मतात. तिथे शंभराहून अधिक. तिचं तेज सूर्याच्या लाख कोटी पटींहून जास्त, आणि जवळजवळ सगळं अवरक्त किरणांत, कारण धूळ ते गिळून पुन्हा बाहेर टाकते. आत आलेल्या वायूचा अगदी छोटा वाटा आणखी खाली, केंद्रातल्या कृष्णविवरापर्यंत पोचतो. म्हणजे तारे आणि कृष्णविवर एकाच कोठारावर पोसले जातात. तिझियाना दि मातेओ, फोल्कर स्प्रिंगेल आणि हर्नक्विस्ट यांनी २००५ मध्ये या गणितात कृष्णविवराची ऊर्जाही धरली. तेव्हा दिसलं की फुगलेलं कृष्णविवर भोवतीचा वायू तापवून बाहेर लोटतं आणि कोठारच रिकामं करतं. तारे जन्मायचे थांबतात, कृष्णविवराचीही उपासमार होते.

हे चित्र इतकं देखणं आहे की वायू गिळणाऱ्या प्रत्येक जागृत कृष्णविवरामागे टक्करच असणार असं वाटू लागतं. तिथे मी हात आखडता घेतो. मॉरिसिओ सिस्टर्नास आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हबलची छायाचित्रं वापरून जागृत कृष्णविवरांच्या दीर्घिका साध्या दीर्घिकांशी ताडून पाहिल्या. टक्करीच्या खुणा दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. पुढच्याच वर्षी एझेकिएल ट्रेइस्टर यांच्या गटाने निरनिराळी सर्वेक्षणं एकत्र केली, तेव्हा टक्करीचा हात स्पष्ट दिसला तो फक्त सर्वांत तेजस्वी कृष्णविवरांमागे. ताऱ्यांचंही तसंच : विश्वातले बहुतेक तारे शांत, फिरत्या तबकड्यांमध्येच जन्मले. टक्कर कमी वेळा होते, पण झाली की टोकाचं घडवते, असं माझं आजचं मत आहे.

पुढच्या आठवड्यात एनजीसी ६२४०. तिथे चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला २००२ मध्ये दोन कृष्णविवरं एकाच वेळी खाताना दिसली, एकमेकांपासून सुमारे ३००० प्रकाशवर्षांवर. त्यांच्यातलं अंतर मिटणं वाटतं तितकं सोपं नाही. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटरच्या तबकड्या स्पंदकांचे (पल्सरचे) ठोके मोजतात, त्यांचा या अंतराशी संबंध काय, तेही तिथेच पाहू.