कामाचा मान

(पुरस्कार म्हणजे काय, ते कोण देते आणि त्यांचे मोल कशात असते, हे या पाठात एका थोर अभिनेत्याच्या जीवनाच्या आधारे सांगितले आहे.)

मुलांनो, शाळेच्या वार्षिक संमेलनातील बक्षीस समारंभ तुम्ही पाहिला असेल. एकेक नाव पुकारले जाते. टाळ्या वाजतात. बक्षीस घेऊन परतणाऱ्या मुलाचा चेहरा आनंदाने फुललेला असतो. पण त्याच वेळी मागच्या रांगेत एखादा मुलगा गप्प बसलेला असतो. त्यानेही मेहनत केलेली असते. पण त्याचे नाव पुकारले जात नाही. 'माझी मेहनत वाया गेली का?' असा प्रश्न त्याच्या मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर आपण एका मोठ्या अभिनेत्याच्या जीवनात शोधू. त्यांचे खरे नाव मोहम्मद युसूफ खान. जग त्यांना दिलीपकुमार या नावाने ओळखते.

दिलीपकुमार यांचे नाव घेतले की आपल्याला मुंबई आठवते. पण त्यांच्या गोष्टीचा एक धागा आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे. हरसूल हे गाव ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्याचे मुख्य गाव त्र्यंबकेश्वर. तेथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. हेच दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. याच जिल्ह्यात, नाशिक रोडच्या जवळ, देवळाली हे गाव आहे. लहानगा युसूफ तेथील बार्न्स स्कूलमध्ये शिकला. त्र्यंबकेश्वरचे फाळके आणि देवळालीच्या शाळेतील युसूफ यांची नावे पुढे एका पुरस्कारामुळे जोडली गेली. ती कशी, ते आता पाहू.

प्रथम दादासाहेबांविषयी. त्यांनी चित्रपट काढायचे ठरवले, तेव्हा आपल्या देशात ही कला शिकवणारे कोणी नव्हते. त्यांनी विलायतेला जाऊन माहिती मिळवली, यंत्रे आणली. पैसा कमी पडला, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. अशा कष्टांतून 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात तो लोकांना दाखवण्यात आला. पुढे दादासाहेबांनी नाशिक येथे राहून अनेक चित्रपट काढले. परंतु बोलपट आले आणि त्यांचा काळ मागे पडला. त्यांची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार नव्हते. ज्यांच्या नावाने आज सर्वांत मोठा सन्मान दिला जातो, त्यांना स्वतःला तसा कोणताच सन्मान मिळाला नाही. ही गोष्ट मनात ठेवा. तिच्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आता युसूफची हकीकत ऐका. ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावर शहरात, किस्सा ख्वानी बाजाराच्या परिसरात त्याचा जन्म झाला. वडील गुलाम सरवर खान हे फळांचे व्यापारी. व्यापाराच्या निमित्ताने हे मोठे कुटुंब मुंबईला आले आणि काही वर्षे देवळालीलाही राहिले. तरुणपणी वडिलांशी मतभेद झाले म्हणून युसूफ घर सोडून पुण्याला गेला. तेथे लष्कराच्या कँटीनमध्ये त्याने काम केले आणि सँडविच विकले. साठवलेले पैसे घेऊन तो मुंबईला परतला. १९४२ मध्ये एका ओळखीच्या डॉक्टरांबरोबर तो मालाडच्या बॉम्बे टॉकीज या कंपनीत गेला. कंपनीच्या प्रमुख देविका राणी यांनी त्या तरुणाला पाहिले, त्याचे उर्दू ऐकले आणि त्याला नोकरी दिली. पडद्यासाठी 'दिलीपकुमार' हे नाव ठरले. त्यांचा पहिला चित्रपट 'ज्वार भाटा' १९४४ साली आला. योगायोग पाहा : याच वर्षी दादासाहेब फाळके यांचे निधन झाले होते.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की पहिल्याच चित्रपटाने दिलीपकुमार यांचे कौतुक झाले असेल. तसे काही झाले नाही. तो चित्रपट चालला नाही आणि टीकाकारांनी नव्या नटाला नावे ठेवली. दिलीपकुमार खचले नाहीत. आवाज कोठे चढवायचा, कोठे उतरवायचा, शब्दांच्या मध्ये किती थांबायचे, याचा त्यांनी अभ्यास केला. त्या काळी अनेक नट नाटकातल्यासारखे मोठ्याने बोलत. दिलीपकुमार हळू बोलू लागले. कधी कधी तर ते बोलतच नसत. त्यांचे डोळे बोलत. प्रेक्षकांना ही रीत आवडली. 'जुगनू', 'अंदाज' अशा चित्रपटांनी त्यांना लोकप्रियता मिळवून दिली. प्रेक्षकांचे प्रेम हाच कलावंताचा पहिला पुरस्कार. तो कोणत्याही समारंभात दिला जात नाही, पण त्याच्यावाचून पुढचे पुरस्कार येत नाहीत.

यानंतर आला जाहीर पुरस्कार. 'फिल्मफेअर' या नियतकालिकाने आपले पुरस्कार सुरू केले आणि त्यांचा पहिला समारंभ २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो सिनेमागृहात झाला. त्या वर्षी फक्त पाच पुरस्कार होते. 'दो बिघा जमीन' हा उत्कृष्ट चित्रपट ठरला आणि त्याचे दिग्दर्शक बिमल रॉय यांचाही गौरव झाला. 'बैजू बावरा'साठी अभिनेत्री मीनाकुमारी आणि संगीतकार नौशाद यांना पुरस्कार मिळाले. उत्कृष्ट अभिनेत्याचा पहिलावहिला पुरस्कार दिलीपकुमार यांना 'दाग' या चित्रपटासाठी मिळाला. या पुरस्कारात काळ्या रंगाची एक सुंदर स्त्रीमूर्ती देतात. ती नारायण गणेश पानसरे या मराठी शिल्पकाराने घडवली.

पुढे 'आजाद', 'देवदास', 'नया दौर', 'कोहिनूर', 'लीडर', 'राम और श्याम' आणि 'शक्ती' या चित्रपटांसाठी त्यांना हाच पुरस्कार मिळाला. म्हणजे एकूण आठ वेळा! 'दाग'चा पुरस्कार १९५४ चा, तर 'शक्ती'चा १९८३ चा. 'शक्ती'चा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी वयाची साठी गाठली होती.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. या भूमिका एकसारख्या नाहीत. 'दाग'मध्ये ते दारूच्या नादी लागलेले खेळणीवाले होते, 'नया दौर'मध्ये टांगेवाले, तर 'शक्ती'मध्ये कर्तव्यासाठी मुलाविरुद्ध उभे राहणारे पोलीस अधिकारी. दुःखी भूमिका करून करून त्यांच्या मनावर परिणाम होऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हलक्याफुलक्या भूमिका करण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला आणि 'आजाद' केला. त्यालाही पुरस्कार मिळाला. 'कोहिनूर'मधील एका गाण्यात त्यांना सतार वाजवायची होती. नुसता अभिनय करून चालले असते. पण ते खरोखर सतार शिकले. लोकांना पुरस्कार दिसतो; त्यामागचा हा रियाज दिसत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील त्यांचा शहजादा सलीम आजही लोकांच्या आठवणीत आहे. पण त्यासाठी त्यांना हा पुरस्कार मिळाला नाही. 'गंगा जमुना' (१९६१) हा चित्रपट तर त्यांनी स्वतः लिहिला आणि त्याची निर्मितीही केली. त्यात ते गावाकडची अवधी वळणाची बोली बोलले. पुष्कळ जाणकार ही त्यांची सर्वांत उत्तम भूमिका मानतात. १९६२ मध्ये 'गंगा जमुना'च्या नायिका वैजयंतीमाला यांना पुरस्कार मिळाला, पण अभिनेत्याचा पुरस्कार राज कपूर यांना गेला. म्हणून 'गंगा जमुना'ची भूमिका लहान झाली का? मुळीच नाही. पुरस्कार एका वर्षाच्या, काही परीक्षकांच्या किंवा वाचकांच्या मताने ठरतो. कामाचे मोल मात्र काळ ठरवतो.

याहून वेगळे असतात ते शासनाचे सन्मान. त्यांतील काही एखाद्या भूमिकेसाठी नसून संपूर्ण आयुष्याच्या कामासाठी असतात. १९८० मध्ये दिलीपकुमार मुंबईचे नगरपाल झाले. हे मानाचे पद असते. भारत सरकारने त्यांना १९९१ मध्ये 'पद्मभूषण' आणि २०१५ मध्ये 'पद्मविभूषण' दिले. पद्म पुरस्कारांत पद्मश्री, पद्मभूषण आणि पद्मविभूषण अशा चढत्या पायऱ्या आहेत. 'भारतरत्न' हा त्यांच्याही वरचा सन्मान. हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत. म्हणून ते नावाला जोडून लिहिता येत नाहीत. आपल्या संविधानाला सर्व नागरिक समान आहेत, त्यामुळे सन्मान मिळाला तरी माणूस इतरांपेक्षा वरचा ठरत नाही.

चित्रपटाच्या क्षेत्रातील सर्वोच्च शासकीय सन्मान म्हणजे दादासाहेब फाळके पुरस्कार. तो १९६९ या वर्षापासून सुरू झाला. त्याचा पहिला मान कोणाला मिळाला, माहीत आहे? ज्यांनी युसूफला पहिली नोकरी दिली, त्या देविका राणी यांना! आणि १९९४ या वर्षाचा हाच पुरस्कार दिलीपकुमार यांना मिळाला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार, देवळालीच्या शाळेत शिकलेल्या मुलाच्या हाती आला.

सन्मान कधी कधी माणसाची परीक्षाही घेतो. १९९८ मध्ये पाकिस्तान सरकारने दिलीपकुमार यांना 'निशान-ए-इम्तियाज' हा सन्मान दिला. पुढच्याच वर्षी कारगिलचे युद्ध झाले. तो सन्मान परत करावा, अशी मागणी काही लोकांनी केली आणि त्यांच्या देशप्रेमावरही शंका घेतली. ज्याने सारे आयुष्य या देशाच्या कलेला वाहिले, त्याला हे किती लागले असेल! दिलीपकुमार तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना भेटले. त्यांच्या देशप्रेमाबद्दल कसलीही शंका नाही, असे वाजपेयी यांनी जाहीर केले आणि सन्मानाचा निर्णय त्यांच्यावरच सोपवला. दिलीपकुमार यांनी तो परत केला नाही. पुढे २००० ते २००६ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते.

'पद्मविभूषण' जाहीर झाले तेव्हा ते फार थकले होते. दिल्लीला जाणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून १३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी मुंबईत त्यांच्या घरी जाऊन त्यांना तो सन्मान दिला. ७ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जुहू येथील कब्रस्तानात शासकीय इतमामात त्यांचा दफनविधी झाला.

दिलीपकुमार यांची मातृभाषा हिंदको. उर्दूवर त्यांचे प्रेम होते आणि तिचे उच्चार ते किती सुंदर करीत, हे तुम्ही ऐकलेच असेल. पण ते मराठीही बोलत. भाषा वाढली की माणसाच्या ओळखी वाढतात, हे त्यांना ठाऊक होते. आज तुम्ही मराठीचा हा पाठ वाचत आहात, तेव्हा तुम्हीही त्याच वाटेवर आहात.

आता संमेलनातील त्या गप्प बसलेल्या मुलाकडे परत जाऊ. त्याला आपण काय सांगाल? 'ज्वार भाटा'नंतर दिलीपकुमार यांना कोणी पुरस्कार दिला नाही, तरी ते शिकत राहिले. 'गंगा जमुना'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला नाही, तरी लोक ती भूमिका विसरले नाहीत. आणि दादासाहेब फाळके यांना तर हयातीत असा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. पण आज त्यांचे नाव हाच पुरस्कार झाला आहे. आधी काम, मग मान. मान कधी लवकर येतो, कधी उशिरा. कधी तर माणूस गेल्यावर येतो. काम मात्र आपल्या हाती असते. ते मन लावून करणे, एवढेच आपण करायचे.

शब्दार्थ

जनक – सुरुवात करणारा, पिता
हयात – जीवन
ओढगस्त – पैशांची चणचण, तंगी
टीकाकार – गुणदोष सांगणारा
रियाज – सराव
जाणकार – माहीतगार
किताब – पदवी, खिताब (उर्दूत 'किताब' म्हणजे पुस्तक; येथे तो अर्थ नाही.)
इतमाम – थाटमाट, मानसन्मान

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादासाहेब फाळके यांचा जन्म कोठे झाला?
(आ) फिल्मफेअरचा पहिला समारंभ कधी व कोठे झाला?
(इ) दादासाहेब फाळके पुरस्काराचा पहिला मान कोणाला मिळाला?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या अपयशानंतर दिलीपकुमार यांनी काय केले?
(आ) पद्म पुरस्कार नावाला जोडून का लिहीत नाहीत?

३. 'कामाचे मोल काळ ठरवतो' हे पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. तुमच्या गावातील अशा एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा, जिला कोणताही पुरस्कार मिळालेला नाही, पण जिच्या कामाला सारे गाव मान देते.