मच्छेजवळचे 'ज्ञान संगम'

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मच्छेजवळ विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे 'ज्ञान संगम' हे मुख्य आवार आहे. 1994 च्या कायद्यानुसार 1998 मध्ये कर्नाटक सरकारने हे विद्यापीठ स्थापले. तोवर राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये वेगवेगळ्या विद्यापीठांना जोडलेली होती. बेळगावच्या उद्यमबागेतले 1979 चे गोगटे तंत्रशिक्षण महाविद्यालय धारवाडच्या विद्यापीठाकडे होते. अभ्यासक्रम निराळे, परीक्षाही निराळ्या. ही विस्कळीत घडी बसवण्यासाठी एकच विद्यापीठ आले आणि त्याचे मुख्यालय राजधानीत न ठेवता बेळगावला दिले, हा निर्णय दूरदृष्टीचाच म्हणायला हवा.

विद्यापीठ मुख्यतः संलग्नतेचे आहे. महाविद्यालये दोनशेहून अधिक. शिकवणे त्यांचे, तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. स्वायत्त महाविद्यालये मात्र अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः पाहतात. बेंगळुरू, बेळगाव, कलबुर्गी, म्हैसूर असे चार विभाग आहेत. विद्यार्थ्याच्या परीक्षा क्रमांकाचा पहिला आकडा त्याचा विभाग सांगतो: बेळगावजवळच्या हिंडलग्याची मुलगी बेळगावातल्याच महाविद्यालयात शिकत असेल, तर तिचा क्रमांक 2 ने सुरू होतो. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. कन्नड न येणाऱ्यांसाठी व्यवहारापुरत्या कन्नडचा वेगळा विषय असतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना पहिले वर्ष जड जाते, त्यांना भाषेचा आधार मिळायलाच हवा.

ज्यांचे नाव विद्यापीठाला आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियंता झाले. मुंबई इलाख्यात नोकरी करताना त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये खडकवासला धरणावर बसले.