किड्यांचा लाल रंग: ऐकीव काय, खरं काय?

आइस्क्रीम, लिपस्टिक, मिठाई, सगळ्यांतला लाल रंग किड्यांचा, असे संदेश फोनवर सारखे फिरतात. कुणी ते वाचून धसका घेतं, कुणी थाप म्हणून सोडून देतं. त्यात खरं किती, हे नीट पाहायला हवं.

गैरसमज: निवडुंगावरचा पांढरा कापूस म्हणजे बुरशी.
वस्तुस्थिती: माळावरच्या फड्या निवडुंगावर दिसणारे ते पुंजके बहुतेकदा कोचिनील किड्यांचे असतात. पुंजका बोटांनी चुरडला की बोटं गर्द किरमिजी होतात. पांढरं आवरण मेणाचं. आत मादी फडीचा रस शोषत असते. आपल्याकडची ही जात 1926 च्या सुमारास श्रीलंकेतून आणली, ती माजलेला निवडुंग आटोक्यात आणायला. रंगासाठी पाळतात ती जात वेगळी. तिची शेती मेक्सिकोत फार जुनी आहे. आज सर्वाधिक उत्पादन पेरू देशात होतं.

गैरसमज: हा रंग म्हणजे किड्याचं रक्त.
वस्तुस्थिती: आपलं रक्त हिमोग्लोबिनमुळे लाल असतं. कोचिनीलचा लाल रंग येतो कार्मिनिक आम्लामुळे. मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवायला हा किडा ते स्वतःच तयार करतो. वाळलेल्या मादीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हे आम्लच असतं. तरीही किलोभर वाळलेल्या मालासाठी सुमारे दीड लाख किडे लागतात. ते फडीवरून हाताने खरवडून गोळा करावे लागतात.

गैरसमज: किड्यांचा रंग ही परदेशी गोष्ट.
वस्तुस्थिती: आपला लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतो. खरवडलेली लाख पाण्यात धुतली की पाणी लाल होतं. तोच लाखेचा रंग. मागे राहते ती बांगड्यांची आणि फर्निचरच्या पॉलिशची लाख. पायांना लावायचा अळता मूळचा याच रंगाचा. लाखेवरच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकूमला 1924 पासून संस्था आहे.

गैरसमज: नैसर्गिक रंग दोन धुण्यांत जातो.
वस्तुस्थिती: लोकर किंवा रेशीम आधी तुरटीच्या पाण्यात मुरवलं, तर कोचिनील धाग्याला पक्का धरतो. ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे लाल डगले यानेच रंगवत. सुती कापडावर मात्र तो सहज चढत नाही.

गैरसमज: नैसर्गिक म्हणजे निर्धोक.
वस्तुस्थिती: बहुतेकांना या रंगाचा त्रास होत नाही. पण थोड्या लोकांना अ‍ॅलर्जी होते आणि क्वचित ती गंभीरही असते. म्हणूनच अमेरिकेत 2011 पासून खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचं नाव छापणं सक्तीचं आहे.

गैरसमज: लाल दिसलं की किडा आलाच.
वस्तुस्थिती: कोचिनीलपासून केलेल्या कार्माइनचा वेष्टनावरचा खाद्यरंग क्रमांक 120. कार्मोइसिन (122), पोन्सो 4आर (124) आणि एरिथ्रोसिन (127) हे कारखान्यात तयार होणारे कृत्रिम रंग. त्यांचा किड्यांशी काही संबंध नाही. बिटाचा लाल रंग तर वनस्पतीचाच, क्रमांक 162.

किड्यांचा रंग खायचा की टाळायचा, हे ज्याने त्याने आपल्या आहाराप्रमाणे, श्रद्धेप्रमाणे ठरवावं. जैन किंवा शाकाहारी घरांत तर हा प्रश्न मोलाचा आहे. पण ठरवण्याआधी वेष्टन उलटून क्रमांक वाचावा आणि आलेला संदेश पुढे ढकलण्याआधीही तेवढं करावं.