अनुभव विकत घ्यायचा नव्हता

‘फ्रेशर हवा. अनुभव : 1 ते 2 वर्षं.’ ही जाहिरात पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. विसाव्यांदा वाचली तेव्हा रडू!

2023 चा उन्हाळा. हे भोसरीत ज्या कारखान्यात होते, तो बंद पडला होता. माझं बी.एस्सी. (स्टॅटिस्टिक्स) झालेलं 2009 मध्ये. मग लग्न, दोन मुलं, घरी गणिताच्या शिकवण्या. आयटीत जाते म्हटलं तर तिथं माझा खणच नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पास होण्याचं वर्ष ठरलेलं, शिक्षणात मोठा खंड चालत नाही. गृहिणींना पुन्हा कामावर बोलावणाऱ्या योजना असतात, पण बहुतेकींत आधी नोकरी केलेली लागते. मी ना फ्रेशर, ना अनुभवी.

अशा बाईला हेरणारे क्लास पुण्यात आहेत. एका ठिकाणी गेले तर साहेब म्हणाले, “ताई, साठ हजार भरा. तीन महिन्यांत टेस्टिंग शिकवतो आणि दोन वर्षांचा अनुभव दाखवतो. लेटर, पगाराच्या स्लिपा, सगळं आमच्याकडून. सगळेच करतात हो!”

गळ्यातलं मोडलं असतं तर साठ हजार उभे राहिले असते. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. घरात डाळ-तांदळाचा हिशेब चाललेला असताना ‘सगळेच करतात’ हे वाक्य फार गोड लागतं बघा.

पण शिकवण्या घेऊन घेऊन एक सवय लागली आहे, उत्तराचा ताळा करून बघायची. नोकरदाराला पीएफचा यूएएन नंबर असतो. 2014 पासून तो एकच, कंपनी बदलली तरी बदलत नाही. कुठल्या कंपनीनं किती महिने पैसे भरले, ते त्यात दिसतं. नोकरी देताना कंपन्या मागची माहिती तपासून घेतात. दोन वर्षं नोकरी आणि पीएफ एका महिन्याचाही नाही? विचारणारच की! आणि ते पकडलं जातं नोकरी लागल्यावर, घराचे हप्ते सुरू झाल्यावर. त्या साहेबांना मी नको म्हणून कळवलं. घरात मात्र फक्त सासूबाईंनाच सांगितलं.

शिकायला पैसे फारसे लागले नाहीत. स्वयम् पोर्टलवर एनपीटीईएलचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच फी. जुना लॅपटॉप घेतला, एसक्यूएल शिकले. टेस्टिंग शिकले ते मात्र एसटीच्या तिकिटावर.

सांगते कसं ते. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना एसटीचं तिकीट अर्धं. 75 च्या पुढं 2022 पासून फुकट. मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं. आता तिकीट काढणारा प्रोग्रॅम तपासायचा तर 40 वर्षांच्या माणसाचं तिकीट काढून काय कळणार? वय 64 टाका, 65 टाका, 74, 75, 76 टाका. गडबड नेहमी उंबरठ्यावर होते. त्यात आमच्या सासूबाई 66 च्या. त्या म्हणाल्या, “मी म्हातारी म्हणून अर्धं आणि बाई म्हणून अर्धं. म्हणजे फुकटच झालं की गं!” आम्ही हसलो, पण मी वहीत ते लगेच टिपलं. दोन सवलती एकदम लागल्या तर? शेवटची सीट दोघींनी एकाच क्षणी घेतली तर? अशा चाळीसेक टेस्ट केसेस झाल्या.

बाणेरच्या एका छोट्या कंपनीत ती वहीच घेऊन गेले. “अनुभव?” “नाही.” “मग हे काय?” म्हणून त्यांनी वही ओढून घेतली. सासूबाईंच्या प्रश्नापाशी ते थांबले, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

नोकरी दिली ती मात्र टेस्टिंगची नाही, सपोर्ट डेस्कची. पगार 18 हजार. मी घेतली. मैत्रिणींनो, ‘सर्व्हिस डेस्क’, ‘एल-वन सपोर्ट’ असल्या नावांना नाक मुरडू नका. कोणाचं लॉगिन अडकलं, कोणाचा प्रिंटर रुसला, ते तिकीट नोंदवायचं आणि सोडवायचं. त्या नोंदी वाचूनच प्रोग्रॅम कुठं कुठं तुटतो ते कळत गेलं. आठ महिन्यांनी टेस्टिंगला घेतलं. आता एआय मिनिटात पन्नास टेस्ट केसेस लिहून देतं, त्यामुळे नुसत्या लिहिता येण्याला भाव उरलेला नाही. त्यातली कुठली सुटली, ते सांगता यायला हवं.

सपोर्टला रात्रपाळी असते, हे घरी आधीच बोलून घ्या. माझी पहिले तीन महिने होती. पहाटे कंपनीची गाडी सोडून जायची, सासूबाई दार उघडायच्या आणि चहाच्या आधी विचारायच्या, “काय गं, आज कुणाकुणाचे पासवर्ड हरवले?”