गाठ भलत्या जागी असेल तर...

अंगावर गाठ लागली की माणूस आधी कॅन्सरच्या भीतीने गारठतो. पण मऊ ऊतींतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. काही मात्र अशा ठिकाणी लपतात, की स्कॅनशिवाय ओळख पटत नाही.

अशांपैकी एक ग्लोमस गाठ. ती बहुधा नखाखाली होते. आकार सहसा १ सेंटीमीटरहूनही कमी. थंड पाणी लागलं की कळ येते आणि एका नेमक्या बिंदूवर दाबलं की जीव कळवळतो. एक्स-रेत अनेकदा काहीच दिसत नाही. डॉपलर सोनोग्राफीत तिच्यातला जोरदार रक्तप्रवाह दिसतो, एमआरआयच्या टी-२ चित्रांत ती पांढरी चमकते. पूर्ण काढली की दुखणं बहुधा थांबतं.

दुसरी इलॅस्टोफायब्रोमा. यार्वी आणि साक्सेन या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९६१ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. खांद्यामागच्या पसरट हाडाच्या खालच्या टोकाशी, बरगड्यांना लागून ती वाढते. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत जास्त, अनेकदा दोन्ही बाजूंना. एमआरआयमध्ये स्नायूसारख्या गडद भागात चरबीचे पट्टे दिसतात. जागा आणि चित्र दोन्ही जुळलं, तर बऱ्याचदा बायोप्सीही लागत नाही.

५ सेंटीमीटरहून मोठी, खोलवरची किंवा भराभर वाढणारी गाठ असेल, तर घाईने कापून घेऊ नका. आधी स्कॅन, मग गरजेप्रमाणे बायोप्सी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, हा क्रम पाळा.