रुग्णालय चालवायला शिकायचे, पण नोकरी सोडून की सांभाळून?

सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी सोडू’ म्हणतात आणि रुग्ण प्रत्यक्षात गाडीत बसतो तो दिवेलागणीला. मधल्या वेळात डिस्चार्ज समरी तयार व्हायची असते, उरलेली औषधे फार्मसीत परत जायची असतात, शेवटचे बिल टीपीएच्या मंजुरीसाठी अडकलेले असते. उपचारात चूक कुठेच नसते. खाट मात्र अडून राहते आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा रुग्ण तिची वाट पाहत असतो. ही गाठ सोडवणे हे रुग्णालय प्रशासकाचे काम.

ते शिकवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम मुख्यतः दोन प्रकारचे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्यासारखा दोन वर्षांचा पूर्णवेळ एमएचए, किंवा रुग्णालय व्यवस्थापनातला एमबीए, हा एक. (एमबीबीएस झालेल्यांना याच विषयात तीन वर्षांच्या एमडीचीही वाट आहे.) दुसरा नोकरदारांसाठीचा एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम. त्यात वर्ग शनिवार-रविवारी किंवा ऑनलाइन, आणि प्रवेशासाठी बहुधा काही वर्षांचा अनुभव मागतात.

बहुतेक जण आधी फी विचारतात. खरे तर पहिला प्रश्न असा हवा, की आपण रुग्णालयाचा किती भाग आतून पाहिला आहे?

दहा-बारा वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या इन्चार्ज सिस्टरला खाटा का अडतात हे कोणी शिकवायला नको. तिला हवे असते ते खर्चाचे गणित, आकडेवारी, कायदा आणि वरिष्ठांसमोर मुद्दा मांडण्याची भाषा. रविवारी शिकलेले सोमवारी तपासून पाहायला वॉर्ड समोरच असतो. तिच्यासाठी एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम सोयीचा. अडचण एकच. बिलिंग, खरेदी, स्टोअर, निर्जंतुकीकरण विभाग तिने आतून पाहिलेले नसतात आणि एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमात ते दाखवायला सहसा कोणी नेत नाही.

पूर्णवेळ अभ्यासक्रमाची खरी किंमत इथे वसूल होते. इंटर्नशिपमध्ये विद्यार्थी एकेका विभागात बसतो, ओपीडीची रांग मोजतो, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्या कुठून कुठे जातात ते पाहतो. नुकताच बीएस्सी किंवा बीफार्म झालेल्याने हा टप्पा चुकवून थेट एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमाकडे जाण्यात फारसा अर्थ नाही.

पैशांचा हिशेबही फीपुरता नसतो. पूर्णवेळ शिकणाऱ्याचा दोन वर्षांचा पगार बुडतो, घरचा हप्ता सुरूच राहतो. नोकरी करत शिकणाऱ्याची झोप बुडते. नाइट करून सकाळी वर्गाला बसणे महिनाभर जमते, वर्षभर कठीण. म्हणून फी भरण्याआधी वरिष्ठांकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: वर्गाच्या दिवशी सुटी आणि प्रकल्पासाठी दुसऱ्या विभागात काम करण्याची परवानगी. दुसरी मिळाली, तर एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमातली मोठी उणीव बरीच भरून निघते.

हातात शेवटी पदवी पडणार, डिप्लोमा की नुसते प्रमाणपत्र, हेही पाहावे. नावे फसवी असतात आणि सरकारी जाहिरातीत पात्रता शब्दशः तपासली जाते. पदवी ऑनलाइन असेल, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षणाच्या यादीत विद्यापीठाबरोबर त्या अभ्यासक्रमाचेही नाव आहे का, ते बघावे.

माहितीपत्रकातली चकचकीत छायाचित्रे बाजूला ठेवून संस्थेला एक विचारावे: मागच्या तुकडीतले विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, किती आठवडे होते?